ब्लॅक मतदार सँडर्सला सोडून बायडनच्या मागे का गेले? प्रायमरीचं गणित कोणी नीट समजावेल का

दादरकर

नमस्कार मंडळी, अमेरिकेच्या राजकारणावर मन लावून वाचणारे बरेच जण इथे आहेत म्हणून विचारतोय. २०२० ची डेमोक्रॅटिक प्रायमरी आठवा, म्हणजे पक्षाचा राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवायला राज्याराज्यात होणारं मतदान. बायडन आयोवात चौथे, न्यू हॅम्पशायरमध्ये पाचवे, नेवाडात दुसरे पण डाव्या विचारांच्या बर्नी सँडर्सच्या खूप मागे. सगळे म्हणत होते की संपले आता. मग २९ फेब्रुवारीला साउथ कॅरोलायना झालं आणि तिथे एकदम ४८ टक्क्यांच्या वर मतं, सँडर्स २० च्या आत. तीन दिवसांनी सुपर ट्यूजडे, म्हणजे एकाच मंगळवारी बऱ्याच राज्यांत मतदान, त्यात १४ पैकी १० राज्यं बायडनची. म्हणजे एका राज्याने अख्खी निवडणूक फिरवली, आणि त्या राज्यात डेमोक्रॅटिक प्रायमरीला मत देणाऱ्यांत निम्म्याहून जास्त लोक ब्लॅक होते.

मला कळत नाहीये ते हे. सँडर्स काय देत होते तर सगळ्यांना सरकारी आरोग्य विमा, सरकारी कॉलेज फुकट, तासाला किमान १५ डॉलर मजुरी. ब्लॅक समाजात गरिबी जास्त, विमा नसलेले जास्त, म्हणजे फायदा सगळ्यात जास्त त्यांचाच. उलट बायडन म्हणजे १९९४ च्या क्राइम बिलाचा माणूस, ज्याच्यामुळे तुरुंग भरले अशी टीका आजही होते, शिवाय १९७० च्या दशकात गोऱ्या-काळ्या मुलांना एकत्र शिकवण्यासाठी बसने दुसऱ्या भागातल्या शाळेत न्यायची जी योजना होती तिलाही विरोध केलेला. कमला हॅरिसनी २०१९ च्या डिबेटमध्ये हा बसचा मुद्दा तोंडावर सुनावला. तरी झालं काय, तर हॅरिस आणि कोरी बुकर हे दोघंही ब्लॅक उमेदवार पहिलं मत पडायच्या आधीच बाहेर, आणि बायडन ब्लॅक मतांच्या जोरावर उमेदवार.

आणि दुसरं म्हणजे देशात १३-१४ टक्के असलेला समाज राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवतो कसा काय? आपल्याकडे एवढ्याच टक्क्यांचे समाज आहेत, पण एबी फॉर्म कोणाच्या हातात पडणार हे त्यांना कोणी विचारत नाही. "गठ्ठा मतदान असतं" एवढंच उत्तर कृपया देऊ नका, ते मला पटत नाही.

घाटकोपर_ईस्ट

पटत नसलं तरी उत्तर तेच आहे भाऊ. तिकडे रविवारचं चर्च असतं, पास्टर सांगतो, लोक जातात. क्लायबर्न नावाचे तिथले वजनदार खासदार आहेत, त्यांनी मतदानाच्या तीन दिवस आधी बायडनना पाठिंबा दिला आणि खेळ संपला. एक्झिट पोलमध्ये जवळपास निम्म्या मतदारांनी सांगितलंय की त्यांच्या पाठिंब्याला आम्ही महत्त्व दिलं. आणखी काय पुरावा पाहिजे.

सायनची_वाचक

घाटकोपर, तुमची आकडेवारी बरोबर आहे पण त्यातून काढलेला अर्थ उलटा आहे असं मला मनापासून वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

क्लायबर्न यांनी स्वतः सांगितलेला एक प्रसंग आहे. त्यांच्या ओळखीच्या हिशेबनीसाच्या अंत्यविधीला ते एका छोट्या चर्चमध्ये गेले होते. पुढच्या बाकावर एक वयस्कर बाई बसलेल्या, त्याच चर्चमध्ये सेवा करणाऱ्या. त्यांनी क्लायबर्नना बोटाने खूण करून जवळ बोलावलं आणि म्हणाल्या की तुम्ही कोणाला मत देणार ते मला जाणून घ्यायचंय, इथे कोणी ऐकू नये असं वाटत असेल तर कानात सांगा. त्यांनी कानात बायडनचं नाव सांगितलं. त्यावर बाई म्हणाल्या की मला हे ऐकायचं होतं आणि या समाजालाही ऐकायचंय. त्यानंतर क्लायबर्न यांनी जाहीर पाठिंबा द्यायचं पक्कं केलं. आता मला सांगा, यात कोण कोणाला सांगतंय? बाईंचा कल आधीच तिकडे होता, त्या खात्री करून घेत होत्या, आणि खासदाराला बोलतं त्यांनीच केलं. २६ फेब्रुवारीच्या भाषणात क्लायबर्न म्हणाले की आपण जोला ओळखतो, पण जास्त महत्त्वाचं म्हणजे जो आपल्याला ओळखतो. ते वाक्य लागू पडलं कारण लोकांच्या मनात तेच होतं. बायडन त्या राज्यात बरीच वर्षं येऊन-जाऊन होते आणि आठ वर्षं ओबामांच्या हाताखाली निमूटपणे दुय्यम पदावर बसले होते, हे तिथल्या म्हाताऱ्या माणसांनी नीट बघितलेलं. एक गोरा नेता काळ्या नेत्याच्या मागे उभा राहतो आणि कुरकुर करत नाही, याची किंमत आपल्याला इथे बसून कळणार नाही.

आणि नुसत्या नेत्याच्या सांगण्यावर मतं हलत असती तर २००८ चं काय? तेव्हा बरेच मोठे ब्लॅक नेते हिलरी क्लिंटनसोबत होते, नागरी हक्क चळवळीतले जॉन लुईससुद्धा. २००७ भर ब्लॅक मतदारांतही क्लिंटनना भरपूर पाठिंबा होता, ओबामा स्वतः ब्लॅक असूनसुद्धा, कारण लोकांना वाटत होतं गोरे याला मत देणारच नाहीत मग आपलं मत वाया का घालवा. मग ३ जानेवारी २००८ ला आयोवात, जिथे नव्वद टक्क्यांवर गोरी वस्ती, तिथे ओबामा जिंकले. तीन आठवड्यांनी साउथ कॅरोलायनात ब्लॅक मतांपैकी ७८ टक्के ओबामांना. नेते मागून आले, लुईसनी फेब्रुवारीत बाजू बदलली. लोक आधी गेले.

म्हणजे दोन्ही वेळेला हिशोब एकच होता. समोरच्या पक्षाला कोण हरवू शकतो, आणि गोरा मतदार प्रत्यक्षात कोणाला मत देईल, आपल्याला आवडतो त्याला की दुसऱ्याच कोणाला. आपल्याकडे तिकीट वाटताना ज्याला इलेक्टिव्ह मेरिट म्हणतात तेच, फक्त इथे ते हायकमांड ठरवतं आणि तिथे साठी-सत्तरीच्या बायका ठरवतात. सँडर्सचा कार्यक्रम त्यांना कळला नाही असं अजिबात नाहीये. पण ज्यांनी मतदानाचा हक्क १९६५ च्या कायद्यानंतर खऱ्या अर्थाने मिळताना बघितला त्यांना "क्रांती होईल आणि नवीन मतदार बाहेर पडतील" यावर डाव लावणं परवडत नाही. हरलं तर मार पहिला कोणाला बसतो हे त्यांना पाठ आहे. ट्रम्प परत येऊ नये हा मुद्दा त्यांच्यासाठी विमा आणि कॉलेजच्या वर होता.

आणखी एक, आपण समजतो तसा हा समाज सरसकट डावा नाहीये. डेमोक्रॅट ब्लॅक मतदारांत स्वतःला लिबरल म्हणवणारे साधारण दहात तीन, बाकीचे मॉडरेट नाहीतर चक्क कॉन्झर्व्हेटिव्ह. देवधर्म मानणारे, शिस्तीचे. ते डेमोक्रॅटिक पक्षात आहेत कारण १९६४ ला रिपब्लिकन पक्षाने नागरी हक्क कायद्याला विरोध करणारा गोल्डवॉटर उभा केला आणि तो दरवाजा त्यांच्यासाठी बंद झाला. एकाच पक्षात राहणं ही नाइलाजाची गोष्ट, पण पक्षाच्या आत कोण, ही निवड मात्र त्यांची. म्हणून प्रायमरी त्यांच्यासाठी एवढी मोलाची. नोव्हेंबरमध्ये साउथ कॅरोलायना रिपब्लिकनच जिंकतात, १९७६ ला कार्टर जिंकले ते शेवटचे डेमोक्रॅट. तिथल्या ब्लॅक माणसाच्या मताला राष्ट्राध्यक्ष निवडताना खरं वजन येतं ते फक्त प्रायमरीच्या दिवशी.

आणि त्या वजनाचं काय केलं तेही बघा. क्लायबर्न यांनी चार्ल्स्टनच्या डिबेटच्या आधीच बायडनना सांगून ठेवलेलं की सुप्रीम कोर्टावर ब्लॅक बाई नेमण्याचं वचन द्या. ब्रेकमध्ये जाऊन परत आठवण केली, आणि मग बायडननी स्टेजवर ते वचन दिलं. २०२२ मध्ये केटांजी ब्राउन जॅक्सन न्यायमूर्ती झाल्या. याला सौदा म्हणतात आणि मला तो सन्मानाचा सौदा वाटतो. आपल्या वॉर्डात पाण्याची लाइन आणि समाजमंदिराच्या पलीकडे कोणी काही मागत नाही.

दादरकर

ताई खूप आभार, कानात सांगायचा प्रसंग मला माहीतच नव्हता. पण माझा दुसरा प्रश्न अजून तसाच आहे, १३-१४ टक्क्यांचे निम्मे कसे होतात?

परळगाव

याचं उत्तर मी देतो, आणि मग आपल्याबद्दल थोडं बोलायचंय.

देशात १३-१४ टक्के असले तरी त्यातले बहुतेक एकाच पक्षाच्या प्रायमरीत मतं देतात, त्यामुळे डेमोक्रॅटिक प्रायमरीत देशभर मिळून त्यांचा वाटा साधारण चौथा हिस्सा होतो. दक्षिणेत तर विचारूच नका. १९६४-६५ नंतर तिथला गोरा मतदार हळूहळू रिपब्लिकनांकडे निघून गेला, मागे डेमोक्रॅट म्हणून जे उरले त्यात ब्लॅक लोकच जास्त. साउथ कॅरोलायनात निम्म्याहून जास्त, मिसिसिपीत दोन तृतीयांशाच्या आसपास. गोरे गेले म्हणून यांचं वजन वाढलं, एवढंच ते गणित आहे.

गंमत वाटेल, म्हणजे गंमत नाही संतापच येतो, पण याच प्रायमरीतून त्यांना बाहेर ठेवण्यासाठी काय काय केलंय. तेव्हा दक्षिणेत डेमोक्रॅट सोडून पक्षच नव्हता, प्रायमरी जिंकला तो जिंकला, नोव्हेंबरची निवडणूक नुसता उपचार. म्हणून प्रायमरी फक्त गोऱ्यांसाठी. १९४४ ला सुप्रीम कोर्टाने टेक्सासच्या खटल्यात हे बेकायदा ठरवलं, थर्गुड मार्शल वकील होते. तर साउथ कॅरोलायनाने काय केलं, विधानसभा बोलावली आणि प्रायमरीबद्दलचे सगळे कायदेच रद्द करून टाकले. म्हणजे आता पक्ष हा खाजगी क्लब, कोणाला आत घ्यायचं आमची मर्जी. मग कोलंबिया शहरातले जॉर्ज एल्मोर नावाचे एक दुकानदार कोर्टात गेले. १९४७ ला चार्ल्स्टनचे न्यायाधीश वेअरिंग यांनी निकाल त्यांच्या बाजूने दिला आणि १९४८ च्या प्रायमरीत ब्लॅक लोकांनी रांगा लावून मतं दिली. एल्मोर जिंकले पण दुकानाला माल देणाऱ्यांनी हात आखडता घेतला, कर्ज बुडलं, दुकान गेलं, सगळं गेलं. २०२० ला त्याच राज्यात रांगेत उभ्या असलेल्या बाईच्या मागे हा माणूस आहे. तिला कोणी "पास्टरने सांगितलं म्हणून आली" म्हटलं की मला राग येतो, घाटकोपर तुमच्यावर वैयक्तिक काही नाही.

आता आपल्याबद्दल. दादरकर म्हणतात उमेदवार ठरवताना आपल्याकडे समाजाला कोणी विचारत नाही, म्हणजे आपल्याकडे प्रायमरी नाही. आज नाही, पण होती. आणि ती अस्पृश्यांसाठीच होती. २४ सप्टेंबर १९३२ चा पुणे करार काढून बघा. बाबासाहेबांनी मागितले होते स्वतंत्र मतदारसंघ, गांधीजींच्या उपोषणापुढे ते सोडावे लागले, त्याबदल्यात राखीव जागा वाढून १४८ झाल्या आणि एक कलम असं घातलं की प्रत्येक राखीव जागेसाठी आधी फक्त अस्पृश्य मतदारांनी मतदान करून चार जणांचं पॅनेल निवडायचं, मग त्या चारांतून एकाला सगळ्या हिंदू मतदारांनी मिळून निवडायचं. करारात चक्क प्राथमिक निवडणूक असा शब्द आहे.

बाबासाहेब १९३७ ला आमच्याच भागातून निवडून आले, ई आणि एफ वॉर्ड, भायखळा-परळ. समोर काँग्रेसने पाळवणकर बाळूंना उभं केलेलं, तेच क्रिकेटवाले. बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने तेव्हा मुंबई इलाख्यात चांगलं यश मिळवलं. पण १९४६ ला काय झालं? बऱ्याच जागांवर प्रायमरी झालीच नाही कारण चारपेक्षा जास्त उमेदवारच नव्हते. जिथे झाली तिथे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनच्या, म्हणजे बाबासाहेबांच्या तेव्हाच्या पक्षाच्या माणसांना समाजाने वर काढलं, आणि अंतिम फेरीत सवर्ण मतांच्या जोरावर पॅनेलमधला दुसराच कोणी निवडून आला. फेडरेशनच्या पदरात बोटावर मोजण्याइतक्या जागा. बाबासाहेब हेच ओरडून सांगत होते की समाजाचा पहिल्या पसंतीचा माणूस पडतो आणि शेवटच्या पसंतीचा प्रतिनिधी म्हणून बसतो. पुढे घटनेत राखीव जागा राहिल्या पण प्रायमरी गेली.

म्हणून साउथ कॅरोलायना बघताना मला वाटतं की त्यांच्याकडे जे आहे ते आपल्याकडे थोडे दिवस होतं आणि तेही अर्धवट. तिथे ब्लॅक मतदारांनी निवडलेला माणूस पुढे पक्षाचा अधिकृत उमेदवार होतो, सगळ्या पक्षाला त्याच्या मागे उभं राहावं लागतं. इथे समाजाने निवडलेल्याच्या समोर समाजातलाच दुसरा उभा करता येत होता. आज राखीव जागेवर कोण उभा राहणार हे मुंबई-दिल्लीत ठरतं, त्या वस्तीतल्या माणसाला नाव कळतं ते थेट बॅनर लागल्यावर.

घाटकोपर_ईस्ट

राग नाही. एल्मोरचं वाचून थांबलो. चर्चबद्दल मी फार सरधोपट लिहिलं, सायनच्या ताईंचा २००८ चा मुद्दा खोडता येत नाही.

नालासोपारा_लोकल

सगळं वाचलं, छान चाललंय, पण एक बाजू सुटतेय आणि ती आमच्या वयाच्या लोकांची आहे म्हणून लिहितो. "ब्लॅक मतदार" असं एकच म्हणून चालत नाही. २०१६ आणि २०२० दोन्ही वेळेला तरुण ब्लॅक मतदारांत सँडर्सना म्हाताऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त पाठिंबा होता. साउथ कॅरोलायनात ब्लॅक मतांपैकी बायडनना ६१ टक्के आणि सँडर्सना १७, पण रांगेत कोण जास्त होतं? वयस्कर लोक. तरुण कमी आले. सायन ताई म्हणतात तो हिशोब एका पिढीचा आहे, आणि त्या पिढीचा हिशोब समजून घेऊनही मला विचारावंसं वाटतं की दरवेळी "जिंकेल कोण" हेच विचारत बसलं तर पाहिजे ते मागायचं कधी?

शर्ली चिझम १९७२ ला राष्ट्राध्यक्षपदासाठी प्रायमरीत उभ्या राहिल्या, पहिल्या ब्लॅक काँग्रेसवुमन, तेव्हा त्यांच्याच समाजातल्या बऱ्याच पुढाऱ्यांनी त्यांना साथ दिली नाही, कारण तेच, ही जिंकणार नाही. जेसी जॅक्सन १९८४ ला उभे राहिले तेव्हाही तेच ऐकवलं गेलं. पण जॅक्सननी ३० लाखांच्या वर मतं घेतली, १९८८ ला जवळपास ७० लाख, मिशिगन जिंकलं, आणि हरूनसुद्धा पक्षाला नियम बदलायला लावले. आधी बऱ्याच ठिकाणी जास्त मतवाल्याला मतांच्या मानाने भरमसाठ डेलिगेट (पक्षाच्या अधिवेशनात उमेदवार ठरवणारे प्रतिनिधी) मिळायचे, जॅक्सनच्या दबावामुळे पुढे मतांच्या प्रमाणात वाटप आलं. २००८ ला ओबामांनी त्याच नियमावर क्लिंटनना हरवलं, मोठी राज्यं हरूनसुद्धा डेलिगेट गोळा करत गेले. म्हणजे जिंकण्याची शक्यता नसलेल्या माणसाला दिलेली ती मतं वाया गेली नाहीत.

आणि न्यूयॉर्कची २०२५ ची महापौर प्रायमरी तर ताजी आहे. तिथले डावे उमेदवार ममदानी आपल्याकडे सगळ्यांना माहीत झाले मीरा नायरचा मुलगा म्हणून. त्या प्रायमरीत जुन्या ब्लॅक वस्त्या मोठ्या प्रमाणात माजी गव्हर्नर कुओमोंकडे गेल्या, ओळखीचा माणूस म्हणून, तरुण मात्र ममदानींकडे. नोव्हेंबरमध्ये त्याच वस्त्या बऱ्यापैकी ममदानींकडे वळल्या. म्हणजे विरोध कार्यक्रमाला नव्हता, भरवसा बसायचा होता. सँडर्सना तो भरवसा दक्षिणेत कमावता आला नाही हे मी मान्य करतो, २०१६ ला साउथ कॅरोलायनात ब्लॅक मतांपैकी ८६ टक्के क्लिंटनना गेली होती आणि मधल्या चार वर्षांत तिथे जेवढं काम व्हायला पाहिजे होतं तेवढं झालं नाही.

सायनची_वाचक

नालासोपारा, जेसी जॅक्सनचा मुद्दा एकदम मान्य, मी तो घ्यायला हवा होता. फक्त "मागायचं कधी" याबद्दल माझं मत वेगळं आहे. मागणं आणि जिंकणारा निवडणं यात भांडण नाही, न्यायमूर्ती जॅक्सन हे त्याचंच उदाहरण. अडचण येते ती पक्षाला जेव्हा वाटायला लागतं की हे कुठे जाणारच नाहीत. नोव्हेंबरमध्ये दहातली नऊ-साडेआठ मतं आपलीच असं गृहीत धरलं की मग मधली चार वर्षं कोणी फिरकत नाही. २०२० नंतर मतदान हक्काचा नवीन कायदा सिनेटमध्ये अडकला तो अडकलाच. त्या मतदारांनी आपलं काम चोख केलं होतं, पक्षाने पुरतं केलं नाही.

२०२४ साठी डेमोक्रॅटांनी साउथ कॅरोलायनाला पहिल्या नंबरवर आणलं, ३ फेब्रुवारीला, कागदावर आयोवा आणि न्यू हॅम्पशायरच्या आधी (न्यू हॅम्पशायरने पक्षाला न जुमानता जानेवारीतच मतदान घेतलं). माझ्या मते ती त्यांची हक्काची जागा होती, फक्त त्या वर्षी बायडनसमोर कोणी दमदार उभंच नव्हतं, ९६ टक्के मतं त्यांनाच, त्यामुळे पहिलं येण्याचा उपयोग काय झाला असता ते बघायला मिळालं नाही.

दादरकर

एक शेवटचं तांत्रिक विचारतो. प्रमाणात वाटप म्हणता, मग साउथ कॅरोलायनात फक्त दोघांनाच डेलिगेट कसे मिळाले? अब्जाधीश उमेदवार स्टायरनी एवढा पैसा ओतलेला तिथे.

परळगाव

१५ टक्क्यांची अट आहे. राज्यात किंवा काँग्रेशनल डिस्ट्रिक्टमध्ये (खासदारकीचा मतदारसंघ) १५ च्या खाली गेलात की तिथले डेलिगेट शून्य. स्टायर साधारण ११ वर अडकले. त्यामुळे ५४ पैकी बायडन ३९, सँडर्स १५. आणि प्रत्येक डिस्ट्रिक्टला सारखे डेलिगेट नसतात, जिथे मागच्या निवडणुकांत डेमोक्रॅटांना जास्त मतं पडली तिथे जास्त मिळतात. दक्षिणेत तशा डिस्ट्रिक्ट म्हणजे बहुतेक ब्लॅक वस्तीच्या, क्लायबर्न यांची सहावी डिस्ट्रिक्ट त्यातलीच. त्याच संध्याकाळी स्टायर बाहेर पडले, दुसऱ्या दिवशी बुटिजेज, त्याच्या दुसऱ्या दिवशी क्लोबुशार, हे दोघेही उमेदवारच. बुटिजेजना तर आयोवात सगळ्यात जास्त डेलिगेट मिळाले होते, पण ब्लॅक मतदारांत त्यांना जवळपास काहीच पाठिंबा नव्हता, आणि त्याशिवाय पुढची राज्यं निघत नाहीत हे त्यांनाही दिसलं.